लाट पाठीमागून मोजावी

हवाई बेटांवरचा हवामानाचा अंदाज सहसा खोटा ठरत नाही, कारण खोटं ठरायला त्याने जागाच ठेवलेली नसते. 'बहुतांशी ऊन. वाऱ्याच्या बाजूला आणि डोंगराकडे तुरळक सरी, रात्री व पहाटे थोड्या जास्त. वारे ईशान्य-पूर्वेकडून, ताशी 15 ते 25 मैल.' एवढं पाठ केलं की वर्षातले बरेच दिवस कुणीही तिथल्या हवामान कार्यालयात साहेबाच्या खुर्चीवर बसू शकेल.

हे माझं मत. आमच्या दाजींना मात्र हा अंदाज पहिल्याच सकाळी खटकला. दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. उमेदीची सगळी वर्षं पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वर कळवण्यात गेली. 'तुरळक' म्हणणं त्यांच्या लेखी कामचुकारपणा. "तुरळक म्हणजे किती मिलिमीटर?" त्यांनी माझ्या भाच्याला विचारलं. भाचा होनोलुलूच्या मानोआ दरीत राहतो. तो चहा ओतत म्हणाला, "बाबा, ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे."

दाजींना वाटलं, पोरगं उडवून लावतंय. पण पोरगं अगदी सरळ बोलत होतं. व्यापारी वारे उन्हाळ्यात जवळजवळ रोज आणि हिवाळ्यात साधारण निम्मे दिवस या बेटांवर येऊन धडकतात. हजारो किलोमीटर मोकळा समुद्र, अडवायला कुणी नाही, आणि मग एकदम समोर ज्वालामुखीचा डोंगर. ढग चढतो, रिकामा होतो आणि पलीकडे कोरडा ठणठणीत उतरतो. वायकिकीच्या किनाऱ्यावर वर्षाला अर्धा-पाऊण मीटर पाऊस. तिथून सात-आठ किलोमीटर आत, मानोआच्या टोकाला, जवळपास चार मीटर. शेजारच्या कौआई बेटावर वायआलेआले नावाचा डोंगर आहे, तिथे वर्षाची सरासरी अकरा मीटरच्या घरात जाते, आणि त्याच बेटाचा पश्चिम किनारा अर्ध्या मीटरवर भागवतो.

"मिलिमीटरमध्ये सांग," दाजी म्हणाले.

"अकरा हजार."

दाजींनी कप खाली ठेवला. "पर्जन्यछाया!" ते म्हणाले, आणि उठून थेट स्वयंपाकघरात गेले. सरळ काठांचं, सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं त्यांनी निवडलं, फूटपट्टी शोधली आणि मागच्या अंगणात, झाडापासून योग्य अंतर राखून, ते मांडलं. ताईने खिडकीतून विचारलं, "अहो, त्यात मी भात लावणार होते." दाजी म्हणाले, "रोज सकाळी साडेआठला मोकळं करून देईन." आमच्याकडे सरकारी पावसाची नोंद साडेआठला होते, आणि पॅसिफिक महासागराच्या मधोमध आलो म्हणून दाजी वेळ बदलणारे नव्हेत. तेव्हापासून त्या घरात भाताला पाण्याच्या नोंदीनंतरचा मुहूर्त लागला.

हवामान कार्यालयही याच मानोआत, विद्यापीठाच्या आवारात आहे. त्यामुळे तिथल्या साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं तर पाऊस दिसतो आणि ते ज्यांच्यासाठी अंदाज लिहितात ते पर्यटक वायकिकीला अंगाला तेल चोपडून पडलेले असतात. ऊन आणि पाऊस दोन्ही एकाच गल्लीत. इंद्रधनुष्य इतकं नित्याचं की ते मोटारीच्या नंबरप्लेटवर छापलंय. छत्री मात्र गावात कुणाच्या हातात दिसेना. सर आली तर लोक आडोशाला जातात, नाहीतर तसेच चालत राहतात. वाळायला वारा आहेच.

वाऱ्याची खात्री करून घ्यायला आम्ही पालीच्या कड्यावर गेलो. होनोलुलू ज्यावर आहे त्या ओआहू बेटाच्या कण्यातली ही खिंड. सगळा व्यापारी वारा या फटीतून घुसतो. 1795 मध्ये कामेहामेहा राजाने इथल्या लढाईत शत्रूची फौज कड्यावरून खाली लोटली, असं इतिहास सांगतो. तिथे पाच मिनिटं उभं राहिल्यावर मला वाटलं, राजाला फार कष्ट पडले नसावेत. ताईने पदर कमरेला खोचला, दाजींनी टोपी खिशात घातली. त्यांना काही तरी म्हणायचं होतं, पण ते काय ते गाडीत बसल्यावर कळलं.

मग मध्येच वारा पडला. हिवाळ्यात असं होतं: व्यापारी वारे दमतात, नैऋत्येकडून दमट कोना वारे सुटतात, 'मोठं बेट' म्हणतात त्या हवाई बेटावरचा किलाउएआ ज्वालामुखी धुमसत असला तर त्याचा धुरकट वास होनोलुलूपर्यंत येतो, आणि आडोशाची बाजू सगळी भिजते. वर्षभर कोरडे राहिलेले लोक तेव्हा आभाळाकडे असे बघतात, जणू कुणी लबाडी केली. हवामान कार्यालयाच्या एकाच पत्रकात समुद्रासाठी लाटांचा इशारा आणि 4,207 मीटर उंचीच्या मौना केआसाठी बर्फाचा इशारा, दोन्ही एकाखाली एक येऊ शकतात. 2021 च्या डिसेंबरात मोठ्या बेटाच्या शिखरांना चक्क हिमवादळाचा इशारा दिला होता. खाली लोक चड्डीवर.

दाजी खरे रमले ते लाटांच्या अंदाजात. उत्तर किनाऱ्याच्या हिवाळी लाटा इथे तयारच होत नाहीत. त्या जपान ते अल्यूशन बेटांच्या पट्ट्यातल्या वादळांत जन्मतात आणि दोन-तीन दिवसांचा प्रवास करून येतात. दोन लाटांमध्ये 18 सेकंदांचं अंतर असेल, तर खोल समुद्रात त्यांची झुंड ताशी सुमारे 50 किलोमीटरने पुढे सरकते. वायव्येला, कौआईच्या पलीकडे, एक बोया तरंगत असतो. तो उसळला की पुढच्या काही तासांत किनाऱ्याने तयार राहायचं. "म्हणजे वरच्या पुलावर पाणी चढलं की खालच्या गावाला फोन करायचा, तेच की!" दाजी म्हणाले. परदेशात आपल्या खात्याची शाखा सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. वाटेत उथळ खंडमंच नसल्यामुळे लाटेचा जोर कुठे खर्च होत नाही. खोल समुद्रातून ती थेट खडकावर येऊन उभी राहते.

पण मोजमापाचा घोळ तिथेच सुरू होतो. सरकारी अंदाज लाटेचं समोरचं तोंड मोजतो: उत्तर किनाऱ्याला 15 फुटांना सूचना, 25 फुटांना गंभीर इशारा. जुने सर्फर मात्र पाठीमागून मोजतात, त्यामुळे आकडा जवळपास निम्मा होतो. तिथल्या वायमिया उपसागराच्या किनाऱ्यावर दुमजली घराएवढी लाट कोसळली, पायाखालची वाळू हादरली, आणि शेजारी बर्फाचा गोळा खात उभा असलेला माणूस म्हणाला, "आठ असेल. फार तर दहा." दाजींचा संताप झाला. पूरपातळी कमी दाखवणाऱ्या कारकुनाला त्यांनी एकदा मेमो दिला होता.

याच उपसागरात एडी आयकाऊच्या नावाने स्पर्धा होते. एडी इथला जीवरक्षक. 1978 मध्ये होकुलेआ ही होडी उलटली तेव्हा मदत आणायला सर्फबोर्डवरून निघाला, तो परतला नाही. स्पर्धेची अट अशी की लाटेचं तोंड 40 फूट हवं, म्हणजे सर्फरांच्या हिशोबाने 20. समुद्र राजी नसेल तर स्पर्धा नाही. 2016 नंतर ती थेट 2023 मध्ये भरली. जिंकली ल्यूक शेपर्डसनने, आणि तो त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षकाच्या ड्युटीवर होता. मधल्या वेळेत लाटेवर जायचं आणि पुन्हा येऊन कामाला लागायचं. हे ऐकून दाजी कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रजा मांडली नाही? माणूस खात्यातला वाटतो."

तुम्ही जाल तर एवढं करा. पोहायचं असेल तर जून ते ऑगस्ट, तेव्हा वायमियाचं पाणी बहुधा निवांत असतं. लाटा बघायच्या असतील तर डिसेंबर-जानेवारी, आणि त्याही कोरड्या वाळूवर, लांब उभं राहून. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. पाण्यात शिरण्याआधी जीवरक्षकाला विचारा. आणि एखादा तिथला माणूस 'आज चारच फूट आहे' म्हणाला, तर आधी दोनाने गुणा, मगच चपला काढा.