होय, अलिबागहूनच आलोय

‘अलिबागसे आया है क्या?’ या प्रश्नाचा अर्थ, म्हणजे ‘मूर्ख आहेस का?’, मुंबईत कोणाला समजावून द्यावा लागत नाही. या वाक्यावर बंदी घालावी म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयाने ती फेटाळली, आणि माझ्या मते फार चांगले केले. एका ठरावीक मूर्खपणाची मला जाहीर स्तुती करायची आहे आणि त्याला याहून शोभणारे बिरूद सापडणार नाही. एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेला प्रोग्राम भलत्याच सिस्टिमवर चालवत बसायचे, हा तो मूर्खपणा. छपाईची पाने जुळवणारा विंडोजचा पेजमेकर लिनक्सवर उघडायचा, आणि उघडला की घरच्यांना हाक मारून दाखवायचा.

शहाणा माणूस असे करत नाही. मशीन जुने झाले की तो ते भंगारात देतो, नवे घेतो आणि जुन्या फायली ‘आता काय कामाच्या’ म्हणून सोडून देतो. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात तर शहाणपणाला निसर्गाचीही साथ आहे. खारा वारा मदरबोर्ड खातो, पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा पत्र्यांबरोबर किती दुकानांतले संगणक गेले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. मागे राहिली ती कुठे एखादी हार्ड डिस्क. तिच्यात लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, जत्रेची हँडबिले, दशक्रियेच्या सूचना. एका तालुक्याचे वीस वर्षांचे जगणे-मरणे त्या डिस्कवर असते आणि ते मराठीत असूनही मराठीत वाचता येत नाही.

हे नीट सांगायला हवे, कारण सगळी मेख इथेच आहे. १९९० नंतर गावोगावच्या डीटीपीवाल्यांनी पेजमेकर आणि श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशी पॅकेजे घेऊन मराठी छपाई उभी केली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण पेजमेकरला युनिकोड कधीच कळले नाही. ॲडोबीने २००१ साली ७.० ही आवृत्ती काढली आणि पुढे पेजमेकर तिथेच थांबवला. मग मराठी अक्षरे बसायची कुठे? इंग्रजी अक्षरांच्या आणि युरोपीय चिन्हांच्या जागांवर. फाइलमध्ये साठते ते परकीय चिन्ह, फाँट त्याच्यावर ‘क’चे चित्र चढवतो. प्रत्येक कंपनीची बैठकव्यवस्था वेगळी. फाँट काढून घेतला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी उद्गारचिन्हे, कंस आणि डोक्यावर टिंबे असलेली युरोपीय अक्षरे उरतात. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांत ते पुष्कळदा घसरतात. शिवाय ते मजकूर देतात, पान देत नाहीत. कोणत्या कोपऱ्यात गणपती होता, आजोबांचे नाव किती मोठ्या टाइपात होते, हे पाहायचे तर तोच प्रोग्राम आणि तोच फाँट लागतो.

१९३७ साली अलिबागला निघालेल्या ‘कृषीवल’चा जुना अंक हाती आला तर चष्मा लावून वाचता येतो. १९९९ सालची पत्रिका वाचायला मात्र एक मेलेले यंत्र जिवंत करावे लागते.

इथे आपले मूर्ख कामाला लागतात. त्यांचा आद्य ग्रंथ म्हणजे वाइन नावाचा प्रकल्प. तो १९९३ साली सुरू झाला, विंडोज ३.१ चे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्यासाठी. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड यांनी त्याची धुरा घेतली. आवृत्ती १.० कधी आली? १७ जून २००८ ला. पंधरा वर्षे! तोवर ज्या विंडोजसाठी हा घाट घातला होता, ती इतिहासजमा झाली होती. फुकट वाटायच्या वस्तूच्या पहिल्या पक्क्या आवृत्तीसाठी पंधरा वर्षे थांबणाऱ्यांपुढे मी मनापासून हात जोडतो.

वाइनचे काम समजून घेतले तर हा आदर वाढतो. ते खोटा संगणक उभा करत नाही. विंडोजचा प्रोग्राम प्रोसेसरवर थेट चालतो. तो अधूनमधून सिस्टिमला हाक मारतो: ही फाइल उघड, ही खिडकी काढ, हा फाँट दे. त्या हाकेला विंडोजच्या ऐवजी वाइन ओ देते आणि तेच काम लिनक्सकडून करून घेते. प्रोग्रामला ‘सी’ ड्राइव्ह हवा असतो, म्हणून त्याच नावाचा एक फोल्डर त्याच्यापुढे ठेवतात. त्याला रजिस्ट्री हवी असते, म्हणून साध्या मजकुराच्या फायलींत रजिस्ट्री थाटतात. अशा हाका हजारो आहेत, आणि मायक्रोसॉफ्टचा मूळ सोर्स कोड पाहिलेल्या माणसाला या कामात घेत नाहीत. बाहेरून वागणूक पाहायची, चाचण्या लिहायच्या आणि आत काय असेल ते आपल्या बुद्धीने पुन्हा बांधायचे. विंडोज एखाद्या ठिकाणी चुकत असेल आणि जुना प्रोग्राम त्या चुकीवर विसंबला असेल, तर ती चूकसुद्धा निष्ठेने तशीच करायची. दुसऱ्याचा दोष इतक्या मेहनतीने जपणारे लोक मी अन्य कोणत्याही धंद्यात पाहिलेले नाहीत.

आणि याचे फळ पाहा. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे. १६ बिटांचे प्रोग्राम ती चालवतच नाही. नव्वदच्या दशकातल्या कित्येक प्रोग्रामांचे निदान इन्स्टॉलर १६ बिटांचे होते. तेच प्रोग्राम ६४ बिटांच्या लिनक्सवर वाइनमधून चालू शकतात. विंडोजच्या जुन्या लेकरांना सख्ख्या घरी थारा नाही, आणि शेजारी ताट वाढून बसला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ही शेजारची पंगत वाढणारच.

शहाण्यांनाही हे पटते, फक्त उशिरा. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने २०१८ मध्ये वाइनच्या पायावर प्रोटॉन उभारले आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हा गेम खेळायचा संगणक विकायला काढला. विंडोजसाठी लिहिलेले गेम त्यावर लिनक्समधून चालतात. मूर्खांनी पंचवीस वर्षे नांगरलेले शेत होते, म्हणून हे पीक निघाले.

अलिबागला या जातीचे वेड नवे नाही. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार, हे दिसल्यावर पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला जागा निवडली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणवला. नवी वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली, तरी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. एकाच कामाला दोन ठिकाणी खर्च! पण त्यामुळे जुने आकडे नव्या आकड्यांशी जुळवता आले आणि दोन्ही मिळून एक सलग मालिका झाली. जुने मशीन भंगारात देण्याआधी दोन वर्षे नव्याच्या शेजारी चालवणारा डीटीपीवाला मूस यांच्याच घराण्यातला म्हणायचा.

पुण्यात सी-डॅकने जिस्ट कार्ड केले तेही याच वाटेवरचे. इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्राम, संगणकात ते कार्ड बसवले की मराठी दाखवू लागत. मूळ प्रोग्रामला आपण मराठी बोलतोय याचा पत्ताही नसे.

वाइन सगळे चालवते असे मात्र कोणी समजू नये. अनेक भारतीय लिपी-पॅकेजांना डोंगल नावाच्या लहान तुकड्याचे कुलूप असे. प्रिंटरच्या पोर्टला किंवा यूएसबीला तो तुकडा लावल्याशिवाय कीबोर्ड मराठी उमटवत नसे. डोंगलचा ड्रायव्हर सिस्टिमच्या अगदी पोटात बसतो आणि वाइनचा हात तिथे सहसा पोचत नाही. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये अख्खी जुनी विंडोज वसवावी लागते, एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. हा मूर्खपणाचा वरचा वर्ग, आणि त्यात जागा भरपूर रिकाम्या आहेत.

म्हणून मुरूड-श्रीवर्धनच्या छापखानेवाल्यांना एक कळकळीची विनंती. भंगारवाला तराजू घेऊन दारात आला तरी त्याला चहा पाजा आणि थांबवा. फायली उतरवून घ्यालच. त्यांच्याबरोबर फाँटचा फोल्डर, कीबोर्डच्या मांडणीची फाइल, पॅकेजची इन्स्टॉल सीडी आणि तिचा नंबर लिहिलेले पाकीट ठेवा. आणि डोंगल. तो बिघडलेला पेनड्राइव्ह समजून पोरे टाकून देतात, तेव्हा त्याला दोरा बांधून नाव लिहा.