आमच्या गावातला ह

बसा, चहा टाकलाय. तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल तर ही तक्रार तुमच्याही घरची आहे.

आमचं गाव या दोन शहरांच्या मधे, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. कुणी कराड लिहितं, कुणी कऱ्हाड. पाटीवर काहीही असो, एसटी स्टँडवरच येते. पोस्टमनला 'मारुतीच्या देवळामागं' एवढं पुरतं.

पण परवा भाचीनं सांगलीच्या हळदीचा धंदा काढला आणि संकेतस्थळाच्या नावात आमचं गाव घातलं. मी इंग्रजीत नीट ह घालून लिहिलं. उत्तर आलं, असा पत्ता नाही.

तेव्हा चौकशी केली. संगणकाला नावाशी देणंघेणं नसतं, त्याला आकडेच लागतात. पूर्वी सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फायलीत असत आणि ती कॅलिफोर्नियातली एक संस्था सांभाळायची. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी कामाची वाटणी केली. आता आपला फोन इंटरनेट कंपनीच्या यंत्राला विचारतो, ते सगळ्यात वरच्या टेबलाला विचारतं, ते म्हणतं 'डॉट इन'वाल्यांकडे जा, ते म्हणतात अमुक यंत्राकडे जा. तिथं शेवटी आकडा मिळतो. एवढी टेबलं डोळ्याचं पातं लवायच्या आत पालथी घालून होतात, हे मी मान्य करतो. पण एकाही टेबलावर कुणी विचारत नाही, 'काका, तुम्हाला कराड म्हणायचंय का?' वाईकरांचंही तेच दुखणं: विश्वकोशाचं गाव, पण 'डब्ल्यू' लिहायचा की 'व्ही'?

२०१४ मध्ये देवनागरी 'डॉट भारत' आलं. वाटलं, ह ला न्याय मिळाला. तर कळलं, पडद्यावर एकसारखं दिसणारं 'कऱ्हाड' टाइप करताना दोन तऱ्हांनी बनतं, एकदा ऱ वापरून आणि एकदा साध्या र ला अदृश्य सांधा जोडून. डोळ्याला एक, यंत्राला दोन. आणि खुद्द 'भारत' त्या टेबलांवर जातं ते एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, २, बी, आर, जे, ९, सी असं होऊन. देशाची ही गत, तिथं तालुक्याच्या गावाची दाद कोण घेणार?

भाची फोनवर म्हणाली, "मामा, ह काढा, लगेच उघडेल."

मी काढलेला नाही. हळद बाजारातून आणली. घ्या, चहा गार होतोय.