शिकलेल्यांनी सही करावी

"अभ्यास केला नाहीस तर कचरा उचलत फिरशील."

सिडकोपासून गारखेड्यापर्यंत आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या घरात बोललं जातं. पुष्कळदा खाली घंटागाडी उभी असतानाच. ते फक्त आपल्या पोरालाच ऐकू जातं असं बोलणाऱ्याला वाटतं. पण गाडीच्या मागच्या फळीवर उभ्या असलेल्या बाईलाही कान असतात. आपल्या मुलाला अभ्यासाला बसवण्यासाठी आपण तिचं काम धाक म्हणून वापरतो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दहा मिनिटं उशिरा आली की वॉर्ड ऑफिसला फोन लावतो.

मला या वाक्याचा राग येतो. एक तर ते खरं नाही. 2024 च्या पोलीस भरतीत राज्यात 17,471 जागांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज आले. शिपायाच्या जागेला बारावी पुरते, तरी रांगेत पदवीधर होते, इंजिनिअर होते. ही पोरं अभ्यास करूनच तिथे उभी होती. आणि दुसरं, ज्या कामाचा आपण धाक घालतो ते काम थांबलं तर काय होतं हे महाराष्ट्रात आपल्या शहराइतकं कुणाला ठाऊक नसेल.

फेब्रुवारी 2018 आठवा. नारेगाव आणि मांडकीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. कित्येक वर्षं अख्ख्या शहराची घाण त्यांच्या दारात पडत होती. धूर, दुर्गंधी, मोकाट कुत्री, बाटलेल्या विहिरी. शेवटी त्यांनी रस्ता धरला. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. रोजचा चारशे टनांहून जास्त कचरा जायचा कुठे? जिथे गाड्या वळवल्या तिथले लोक आडवे आले. 7 मार्चला मिटमिट्यात दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, गाड्या पेटल्या. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. शहरात चौकाचौकांत ढीग लागले, लोक नाकाला रुमाल लावून कामावर जात होते.

तेव्हा शहरात विद्यापीठ होतं, खंडपीठ होतं, इंजिनिअरिंग कॉलेजं होती, वाळूजला देशभर गाड्या पाठवणारे कारखाने होते. कुठल्याही पदवीने चौकातला ढीग हलला नाही. तो हलवला हातगाडी ओढणाऱ्यांनी, फावडं धरणाऱ्यांनी आणि ढिगात बसून निवडणाऱ्या बायकांनी. मुळात तो ढीग इतका कुजला का? ओला आणि सुका कचरा एकाच पिशवीत बांधून देणाऱ्या घरांमुळे. 2016 च्या घनकचरा नियमांनुसार प्रत्येक घराने ओला, सुका आणि घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा द्यायचा होता. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यायचे होते. नियम वाचता येणारे आपण. न पाळणारेही आपणच. आणि त्या पिशवीत हात घालणारी बाई मात्र "अडाणी".

या बाईला काय येतं ते एकदा जवळून बघा. भंगाराच्या दुकानासमोर पोतं रिकामं करून ती बसते. एक तुकडा उचलते, बोटांनी दुमडते, कानाशी नेऊन चुरगाळते. कडक वाजला तर एका ढिगात, नरम निघाला तर दुसऱ्यात. दुधाची पिशवी वेगळी, पाण्याची बाटली वेगळी, बाटलीचं झाकण आणखी वेगळं, कारण ते निराळ्या प्लास्टिकचं असतं आणि त्याचा भावही निराळा. पुठ्ठा ओला असेल तर दुकानदार वजनात कापणार, म्हणून तो आधी उन्हात पसरायचा. हात थांबत नाही. पॉलिमरचं वर्गीकरण शिकवायला कॉलेजात प्रयोगशाळा लागते, तिला कान आणि बोटं पुरतात. याच बोटांना फुटलेला ग्लास लागतो, कारण आपण तो उष्ट्या भाजीबरोबर बांधून दिलेला असतो. काच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी द्यायला कुठलं शिक्षण लागतं?

पाण्याचंही तेच. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर असून आपल्याला नळाची वाट बघत दिवस मोजावे लागतात. 2,740 कोटींच्या नव्या योजनेची भाषणं वर्षानुवर्षं झाली, पण आज पाणी येणार का हे नेत्याला कुणी विचारत नाही. विचारतात लाईनमनला. त्याच्या हातात लांब दांड्याची किल्ली असते. कुठल्या चेंबरमधला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की चढावरच्या शेवटच्या घरात धार पोचते, कुठे जास्त उघडला तर खालच्या गल्लीत जुनी पाईप फुटते, हे त्याला पाठ असतं. मोठ्या पगाराचे साहेब बदलून जातात, नकाशे गहाळ होतात. शहराच्या पोटातल्या नळांचा नकाशा या माणसाच्या डोक्यात आहे. तो अनेकदा कंत्राटी असतो आणि पगार दोन-दोन महिने थकतो. आपण त्याला फोन करतो तो पाण्यासाठी, पगाराचं विचारायला नाही.

इथे कुणी म्हणेल, मग काय पोरांना शाळेतून काढायचं? अजिबात नाही. श्रमाला प्रतिष्ठा आहे असं व्यासपीठावरून सांगायचं आणि त्या प्रतिष्ठेचा मान दुसऱ्याच्या पोरांना द्यायचा, हा ढोंगीपणा मला मान्य नाही. सफाई कामगाराच्या मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर तिला व्हायला मिळालंच पाहिजे. याच शहराने ते करून दाखवलंय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, जिथे मॅट्रिक झालेला माणूस शोधायला गावं पालथी घालावी लागत, तिथे गावकुसाबाहेरची पोरं कॉलेजच्या परिसरात, नागसेनवनात येऊन राहिली, शिकली. त्यांचे बाप मोलमजुरी करत होते. बाबासाहेबांनी त्या मजुरीला कमी लेखलं नाही. मुंबईत त्यांनी महापालिकेच्या कामगारांची संघटना उभी केली होती. कामगाराला हक्क आणि त्याच्या पोराला कॉलेज, ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली, कारण ती एकच आहेत.

आपण पुढे काय केलं? शिक्षणाची भिंत बांधली. कागदाची भिंत.

8 मे 2020 ची पहाट. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर टाळेबंदीत गावाकडे पायी निघाले होते. करमाडजवळ रुळांवरच झोपले. मालगाडीखाली 16 जण गेले. वाचलेल्यांनी सांगितलं की प्रवासाच्या पाससाठी अर्ज केला होता, उत्तरच आलं नव्हतं. इमारतींचं लोखंड ओतणाऱ्या माणसांना घरी जायला एक मंजूर कागद मिळाला नाही.

भिंत अजून उभी आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. म्हणजे शहरांतली बहुतेक दारं बंद. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला ती अधिसूचना रद्द केली म्हणून दार उघडं राहिलं. शिकलेल्या माणसांनी बसून, टिपणी लिहून, सह्या करून हे दार लावायला काढलं होतं, हे मला विसरता येत नाही.

बांधकाम मजुराचं बघा. 1996 च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या बांधकामावर एक टक्का उपकर आला, तो या मजुरांच्या कल्याणासाठी. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंद झालेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीला वर्षाला 2,500 रुपये, आठवी ते दहावीला 5,000, इंजिनिअरिंगला 60,000 आणि वैद्यकीय पदवीला एक लाख रुपये साहाय्य ठरलेलं आहे. मिस्त्रीची पोरगी डॉक्टर व्हावी एवढी सोय कागदावर आहे. अट एकच मोठी: वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला. तो कुणी द्यायचा? ज्याच्याकडे काम केलं त्या मालकाने, ठेकेदाराने. आणि इथे शिकलेल्या माणसाचा हात आखडतो. "उगाच लफडं नको." "उद्या पीएफ मागेल." "सही कशाला, पैसे दिले ना." बोगस नोंदण्यांच्या तक्रारी होतात, ज्याला ओळख आहे त्याला दाखला मिळतो, आणि ज्याने खरंच स्लॅब टाकला तो बाहेर राहतो. तीन मजले चढून ज्याने विटा नेल्या त्याच्या मुलीची फी आपल्या एका सहीसाठी अडते.

शिक्षणाची किंमत मला इथे मोजायची आहे. पगाराच्या आकड्यात नाही, लग्नाच्या बायोडेट्यात नाही. आपल्याला आलेल्या अक्षरांचा ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याला किती उपयोग झाला, एवढंच विचारायचं. आज या शहराचं उत्तर लाजिरवाणं आहे.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते सरकारकडे नाही, हे सदर वाचणाऱ्या तुमच्याकडे आहे. गेल्या वर्षभरात तुम्ही घर बांधलं असेल, वरचा मजला चढवला असेल, तर मिस्त्रीला आणि त्याच्या हाताखालच्या मजुरांना बोलावून घ्या. तुमच्याकडे जितके दिवस काम झालं तितक्या दिवसांचं खरं पत्र लिहा आणि खाली सही करा. सोसायटीचे पदाधिकारी असाल तर झाडलोट करणाऱ्यांचा पीएफ भरला जातो का, याची पावती ठेकेदाराकडून मागून घ्या. शिक्षण हक्काचे प्रवेश सुरू झाले की तुमच्याकडे काम करणाऱ्या घरातल्या लहान मुलासाठी जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला गोळा करायला मदत करा आणि ऑनलाइन अर्ज तुमच्या लॅपटॉपवर भरून द्या. तासाभराचं काम आहे. शेवटच्या तारखेच्या आधी करा.