फूटरमध्ये फायलीचा ठावठिकाणा लावण्याचा विधी

कागद छापून झाला की त्याची संगणकातली फाइल बेपत्ता होते, असा सर्व कार्यालयांचा अनुभव आहे. पत्र समोर असते, जावक क्रमांक असतो, सहीसुद्धा असते. पण साहेब "हेच पत्र, फक्त तारीख बदलून काढा" म्हणाले की अख्खी शाखा शोधकार्याला जुंपते. म्हणून फाइल कुठल्या फोल्डरात आहे, हे प्रत्येक पानाच्या तळाशी छापावे.

फाइल आधी सेव्ह करावी, नाहीतर वर्ड ठावठिकाणा म्हणून 'डॉक्युमेंट१' एवढेच सांगून मोकळे होते. मग पानाच्या तळाशी डबल क्लिक करून फूटरात शिरावे. इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड असे जात 'फाइलनेम' निवडावे आणि 'अ‍ॅड पाथ टू फाइलनेम' या चौकटीत खूण करावी. खूण करायची राहिली तर नुसते 'पत्र नवीन अंतिम २' उमटते, आणि त्या नावाच्या फायली दर टेबलाला दोन-चार निघतात. ज्यांना माउसचा कंटाळा, त्यांनी कंट्रोल-एफ९ दाबून महिरपी कंस आणावेत, आत FILENAME \p लिहावे आणि एफ९ दाबावे. कंस हाताने टाइप करू नयेत. दिसतात अगदी तसेच, पण वर्ड त्यांना भीक घालत नाही. अक्षर ८ पॉइंटचे पुरे.

आता खरी जोखीम. "महोदय, आपल्या अर्जाच्या अनुषंगाने" असे सुरू होऊन "आपला विश्वासू"वर संपणाऱ्या पत्राच्या खाली 'डी ड्राइव्ह, न्यू फोल्डर (३), कटकटे म्हातारे' असे छापून जाऊ शकते. अर्जदाराची दृष्टी अधू असते, पण ८ पॉइंट त्याला वाचता येतो. तेव्हा फोल्डरचे नाव 'मा. ज्येष्ठ नागरिक' करावे. त्यासाठी फाइल बंद करावी लागते. ती उघडी असताना विंडोज फोल्डरचे नाव बदलू देत नाही. पुन्हा उघडल्यावर फूटरातल्या त्या ओळीवर क्लिक करून एफ९ दाबावे. न दाबल्यास म्हातारे कटकटेच राहण्याचा धोका असतो.

फाइल जिथे उघडेल तिथला पत्ता हे फील्ड दाखवते, हेही ध्यानात असू द्यावे. साहेबांनी पेनड्राइव्हवर नेऊन घरून छापून आणलेल्या परिपत्रकाच्या तळाशी 'ई ड्राइव्ह, चिंगीचे लग्न, केटरर' असे आढळल्यास मुकाट्याने जावक क्रमांक टाकावा. जेवणाबद्दल चकार शब्द काढू नये.