ताडीला वाली कोण?

जुन्या शहरातल्या जुन्या पबात बसून ‘रिअल एल’ ही पारंपरिक बिअर पिणे ब्रिटनमध्ये वारसाप्रेमात मोडते. १९७१ साली ती वाचवायला तिथे मोहीमच निघाली. मोहिमेची अट साधी: पेय पिंपातच मुरावे, वरून वायू भरू नये. या कसोटीला पनवेलच्या आसपासची ताडी पैकीच्या पैकी गुण मिळवते. यीस्ट हवेतून फुकट येते, आंबणे मडक्यातच होते. पण तिच्या वाट्याला वारसा आला नाही, कर आला. १८७८च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात साहेबाने झाडागणिक वसुली केली, १८९२ साली ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत दारूसाठीच्या मोहाच्या फुलांनाही हात घातला. स्वतःच्या पिंपाची आरती, आमच्या मडक्यावर जप्ती! साहेब गेला, १९४९चा दारूबंदी कायदा मात्र अजून आहे, म्हणून महामार्गालगतच्या ‘परमिट रूम’च्या थंडगार अंधारात कारखान्याची बाटलीबंद बिअर सन्मानाने मिळते आणि ताडीला मात्र तो मान नाही.

कोणी म्हणेल, ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे रसायन मिसळतात. मिसळतात, त्याने जीवही गेले आहेत. पण दुधात युरिया सापडला म्हणून कोणी गोठे मोडले नाहीत, तपासनीस नेमले. दुसरा आक्षेप अधिक सोवळा: पनवेलला वारसा म्हणून १८५२ची नगरपालिका, वाडे आणि तळी पुरेत, त्यात दारू कशाला? आक्षेप रास्त आहे. फक्त तो घेणाऱ्यांनी लंडनच्या पबाबाहेर काढलेला हसरा फोटो आधी फेसबुकवरून उतरवावा.