दहा हजार पावलं, बसल्या जागी

तात्या कोपरगावहून मोटारसायकलवर नगरला पोचले आणि मनगटावरच्या घड्याळानं अभिनंदन केलं : आजची दहा हजार पावलं पूर्ण! दिवसभरात तात्या चालले होते ते गाडीपासून भेळेच्या हातगाडीपर्यंत.

घड्याळाची चूक नाही. त्याच्या पोटात हिसके मोजणारी चिप असते. मनगटाला ठेक्यात हिसका बसला की ती एक पाऊल धरते. आणि नगर-मनमाड रस्त्यानं ठेका कधी चुकवलाय? म्हणजे खड्डे बुजवा म्हणणारे लोक जनतेच्या आरोग्यावर उठलेत. उलट कोल्हारपर्यंत ‘वॉर्मअप’, राहुरीपर्यंत ‘कार्डिओ’ असे फलक लावावेत आणि ठेकेदाराला आरोग्यदूत म्हणून शाल-श्रीफळ द्यावं. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा रक्ताच्या प्रवाहावरून नाडी ओळखतो. रात्री समोरून उसाची ट्रॉली बिनदिव्याची आली की तात्यांची नाडी एकशेतीसवर जाते आणि घड्याळ म्हणतं, ‘जोमदार व्यायाम!’ ट्रॉली चुकवून तात्या चारीत उतरले, तर बहुधा पदकच मिळेल.

या दहा हजारांचं मूळही ऐका. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला निघालं, त्याच्या नावातच हा आकडा होता. डॉक्टरांनी नव्हे, विक्रेत्यांनी ठरवलेला. आज त्याच पावलांवर विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते.

तात्यांना मिळेल. अकोले तालुक्याच्या डोंगरात डोक्यावर हंडा घेऊन चढणारीला नाही. तिचा हात हंड्याला धरलेला, मनगट हलत नाही, त्यामुळे घड्याळ घातलं तरी बरीच पावलं गायब. पाथर्डीहून ऊसतोडीला गेलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढते, दोन्ही हात मोळीला. घड्याळ असतंच, तर त्याच्या मते ती उभी असती. चढताना छातीत धडधडलं तर ते सांगायला हिरवा दिवा नाही, आणि तपासायला जावं तर उपकेंद्राला कुलूप. जिचं काळीज खरोखर कुणीतरी मोजायला हवं, तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही आणि भेळ खाणाऱ्याची झोप, श्वास, घाम सगळं ढगात साठवायचं, याला म्हणे आरोग्याची काळजी! लाज वाटायला हवी.

त्या बाईचं मोजमाप आजही टनावरच होतं, मुकादमाच्या वहीत, आणि पैसे आधी उचलीत वळते होतात.