पैनगंगेला उतार

पैनगंगा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. पिणारा माणूस मात्र उत्तर-दक्षिण वाहतो, आणि त्याची दिशा मंत्रिमंडळ ठरवतं. आदिलाबादकरांना हा भूगोल तोंडपाठ आहे.

१६ जानेवारी १९९५ रोजी मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांनी अख्ख्या आंध्र प्रदेशात, म्हणजे तेव्हा आदिलाबादेतही, दारूबंदी केली. नेल्लोरकडच्या दुबगुंट्याच्या बायांनी १९९२ साली गावठी दारूविरुद्ध पदर खोचला होता, त्याचं हे फळ. तिकडे संसार सावरले असतील, पण इकडे आमच्या जिल्ह्याला महाराष्ट्राविषयी एकाएकी माया फुटली. कुणाला पांढरकवड्याची आत्या आठवली, कुणाला वणीचा साडू. ज्यांनी मामाच्या तेराव्यालाही नदी ओलांडली नव्हती, ते दर शनिवारी ख्यालीखुशाली विचारायला जाऊ लागले. १९९७ साली मुख्यमंत्री चंद्राबाबूंना तिजोरीचा तळ दिसला, बंदी उठली आणि साडूही विस्मरणात गेला.

पुढे १ एप्रिल २०१५ला चंद्रपूर जिल्हा कोरडा झाला. पुढाकार जिल्ह्याचे पालकमंत्री सुधीर मुनगंटीवार यांचा, आणि तेच राज्याचे अर्थमंत्री. आपल्याच तिजोरीची तोटी आपल्या हातानं बंद करणारा अर्थमंत्री विरळा, याबद्दल मुनगंटीवारांना दाद द्यायलाच हवी. आता माया फुटण्याची पाळी चंद्रपूरकरांची होती. तिकडच्या राजुऱ्याहून आमच्याकडच्या वांकिडीची वाट फार लांब नाही. शिवाय राजुरा तालुका १९५६पर्यंत आदिलाबादेतच होता, तेव्हा ही माहेरवाशीणच म्हणायची. २७ मे २०२१ला महाराष्ट्र सरकारने तीही बंदी उठवली आणि माहेरपण संपलं.

पापावर तिजोरी भरायची ही रीत दारूपुरती नाही, बाहेरख्यालीपणाशीही सत्तेचं नातं जुनंच. जुन्या स्कॉट बोलीत अशा रंगेल भानगडींसाठी 'हॉखमागँडी' असा खणखणीत शब्द आहे. कवी रॉबर्ट बर्न्सने तो जत्रेवरच्या कवितेत वापरला. तिथलं चर्च असल्या मंडळींना भर प्रार्थनेत पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवी आणि वर दंड घेई. १७८६ साली खुद्द बर्न्सलाही चारचौघांत पश्चात्ताप करावा लागला. आमच्या पेशवाईला स्टुलाची हौस नव्हती. व्यभिचाराचा दंड दप्तरात 'बदअंमल' म्हणून रीतसर जमा होई. पाप कुणाचंही असो, जमाखर्चाची वही स्वच्छ!

आजच्या सरकारांनी या दोघांवरही ताण केली. २०२३ साली तेलंगणाने दारूच्या २,६२० दुकानांसाठी सोडत काढली. अर्जाची फी दोन लाख रुपये, चिठ्ठी निघो न निघो, परत मिळायची नाही. अर्ज आले एक लाख तीस हजारांवर. म्हणजे अडीच हजार कोटींहून अधिक रक्कम खजिन्यात पडली, आणि अजून एकाही बाटलीचं बूच उघडलेलं नव्हतं. स्कॉटलंडच्या पाद्र्यांना हे सुचलं असतं तर स्टुलासाठी सोडत निघाली असती, आणि बिचाऱ्या बर्न्सचा नंबरही लागला नसता. दुकानांत आरक्षणही आहे : गौड, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती. तेवढं मात्र बरं. पिताना सगळे समान असतातच, निदान गल्ल्यावर तरी कुणी आपलं बसेल. गोंडाच्या घरी गाळलेल्या मोहाच्या दारूला मात्र या सोडतीत जागा नाही. त्याच्या दारी छापा.

पण खरी पंचाईत झाली ती तेलंगणातलं केरामेरी आणि चंद्रपूरकडचं जिवती यांच्यामधल्या डोंगरात. परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर अशी डझनभर गावं दोन्ही राज्यं आपलीच म्हणतात. तेलंगणाच्या दप्तरी आधी तो भाग आदिलाबादेत होता, २०१६ साली कुमरमभीम आसिफाबाद जिल्ह्यात गेला. घराघरांत रेशनकार्डं दोन, मतदार ओळखपत्रं दोन, गावात सरपंचही दोन. मग चंद्रपूरच्या त्या सहा कोरड्या वर्षांत एकाच अंगणातली बाटली महाराष्ट्राच्या हिशेबानं गुन्हा आणि तेलंगणाच्या हिशेबानं महसूल. माझी सूचना साधी होती : महाराष्ट्राच्या कार्डावर रेशन उचलावं आणि तेलंगणाच्या कार्डावर पव्वा. छापा पडलाच तर फौजदाराला आधी विचारावं, साहेब, तुम्ही कुठल्या सरपंचाकडे उतरलात?